‘मोशी मोशी’ : परक्या भाषेंतला टेलिफोन

आजच्या भाषणाचा विषय ऐकून श्रोत्यांपैकीं कांहींना हसूं येईल. जपानांत शिकावयास गेलेला परदेशी विद्यार्थी अर्धवेळ नोकरीसाठीं एखाद्या उपाहारगृहाला टेलिफोन करतो, तो प्रसंग कसा असतो आणि त्याच्या पाठीमागें कोणता इतिहास उभा आहे, हें मी सांगणार आहें. लढाया, तह आणि राजवंश यांच्यापुढें हा विषय क्षुल्लक वाटावा हें साहजिक आहे. परंतु पांच मिनिटांच्या त्या संभाषणांत एका तरुण जिवाचें घरभाडें, शाळेची फी आणि स्वतःवरचा विश्वास हीं तिन्ही पणाला लागलेलीं असतात. आणि ज्या देशांत तें संभाषण होतें त्या देशानेंहि एके काळीं हीच परीक्षा दिलेली आहे. तेव्हां विषय दिसतो तितका लहान नाहीं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी दोन वर्षांपूर्वीं टोकियोच्या एका भाषाशाळेंत दाखल झाली. पुण्यांत जपानी भाषेचे वर्ग अनेक दशकें चालत आलेले आहेत. तेथें तिनें ती भाषा मन लावून अभ्यासिली होती, आणि जपानी भाषेची जी परीक्षा देशोदेशीं घेतली जाते तिच्या दोन पायऱ्या चढूनच ती निघाली होती. टोकियोस पोंचल्यावर तीन आठवड्यांनीं घराजवळच्या एका लहानशा उपाहारगृहाच्या दारावर ‘माणसें पाहिजेत’ अशी चिठ्ठी तिनें पाहिली. खालीं टेलिफोनचा नंबर होता. तिनें तो लावला, पलीकडून एक गृहस्थ भराभर कांहीं तरी बोलले, आणि या मुलीनें एक अक्षरहि न उच्चारतां टेलिफोन बंद केला.

त्या रात्रीं तिनें मला फोन केला. ती मला ‘गुरुजीआजोबा’ म्हणते. म्हणाली, “गुरुजीआजोबा, मला वाचतां येतें, लिहितां येतें, वर्गांत बोलतांहि येतें. मग दुकानाचा फोन लागला कीं माझी भाषा जाते कुठें?”

मी जपानी भाषेचा पंडित नव्हें. साधा मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेंत आयुष्य घालविलेला मास्तर. पण प्रश्न शिक्षकाला विचारलेला होता; तो टाळणें बरें दिसेना. उत्तर शोधतां शोधतां जो इतिहास हातीं लागला, तोच आज आपणांपुढें ठेवतों.

समोरासमोर बोलतांना मनुष्य केवळ तोंडानें बोलत नाहीं. डोळे बोलतात, हात बोलतात, मान हलते. शब्द अडला तर वस्तूकडे बोट दाखवितां येतें; नाहींच जमलें तर हंसून वेळ मारून नेतां येते. टेलिफोन हीं सर्व साधनें काढून घेतो आणि केवळ आवाज शिल्लक ठेवतो. आतां मीहि आपणांपुढें केवळ आवाज म्हणूनच आहें हें खरें. परंतु माझ्यासमोर लिहिलेला कागद आहे, आणि आपणांस मला मध्येंच उलट प्रश्न विचारतां येत नाहीं. टेलिफोनवर नोकरी मागणाऱ्या परदेशी मुलाला या दोन्ही सोयी नसतात.

या गोष्टीचा पहिला धागा थेट टेलिफोनच्या जन्मापाशीं जाऊन पोंचतो. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा मूळचा उच्चार शिकविणारा शिक्षक होता. त्यानें १८७६ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्याच सुमारास जपान सरकारनें अमेरिकेस पाठविलेला इसावा शूजी नांवाचा तरुण मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ब्रिजवॉटर येथील अध्यापनशाळेंत शिकत होता. त्याला दोन गोष्टी कांहीं केल्या साधत ना : एक इंग्रजी उच्चार आणि दुसरी पाश्चात्य पद्धतीचें गायन. उच्चार सुधारावेत म्हणून तो बेलकडे जाऊं लागला. बेलच्या वडिलांनीं ‘दृश्य वाणी’ नांवाची एक लिपि बसविली होती. तिच्यांत ओठ, जीभ आणि कंठ यांची ठेवण चिन्हांनीं दाखविलेली असे. बहिऱ्या मुलांना बोलावयास शिकविण्यासाठीं बेल ती वापरी. त्याच लिपीच्या आधारें इसावा इंग्रजी उच्चार शिकूं लागला.

पुढें बेलच्या नव्या यंत्रापाशीं जाऊन इसावा आणि त्याचा देशबंधु कानेको केंतारो या दोघांनीं त्यांतून जपानी भाषेंत बोलून पाहिलें. इंग्रजीच्या पाठोपाठ टेलिफोनच्या तारेंतून गेलेली भाषा ती जपानी, असें सांगतात. हा कानेको पुढें जपानची १८८९ सालची राज्यघटना तयार करणाऱ्या मंडळींपैकीं एक झाला. पण मला महत्त्व वाटतें तें इसावाचें. टेलिफोनवर जपानी बोलणारा हा आद्य पुरुष स्वतः परकी भाषा शिकतांना अडखळणारा विद्यार्थी होता. उच्चार येत नाहींत म्हणून तो त्या दारीं गेला होता. स्वदेशीं परतल्यावर त्यानें शालेय संगीताचा पाया घातला, आणि १९०३ सालीं तोतरें बोलणाऱ्यांच्या वाणीवर उपचार करणारी ‘राकुसेकिशा’ नांवाची संस्था काढली. स्वतःची जीभ अडलेली असल्यावांचून ही बुद्धि होणें कठीण! इतिहास मात्र एकाच रंगाचा नसतो. हाच इसावा १८९५ सालीं, जपाननें तैवान जिंकून घेतल्यावर, तेथील शिक्षणखात्याचा प्रमुख म्हणून गेला आणि जित लोकांना जपानी भाषा शिकविण्याची व्यवस्था त्यानें केली. परकी भाषा शिकण्याचें दुःख ज्यानें भोगलें, त्यानेंच ती दुसऱ्यांवर सत्तेच्या बळानें घातली, हेंहि विसरतां येत नाहीं.

प्रत्यक्ष जपानांत टेलिफोनची सार्वजनिक सेवा सुरू झाली ती १६ डिसेंबर १८९० रोजीं, टोकियो आणि योकोहामा या दोन शहरांच्या दरम्यान. आरंभींचे वर्गणीदार टोकियोंत १५५ आणि योकोहामांत ४२, मिळून अवघे १९७. त्या वर्षीं देशांत पटकीची साथ होती, आणि ती टेलिफोनच्या तारेंतून घरांत शिरेल अशी भीति कित्येकांना वाटत होती असें सांगतात. आपल्याकडे आगगाडी आणि तारायंत्र आलें तेव्हां काय काय बोललें गेलें, तें आठवलें म्हणजे जपानी लोकांना हंसण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं. १९०० सालीं टोकियोच्या शिंबाशी आणि उएनो या स्टेशनांवर सार्वजनिक टेलिफोन बसले, आणि ज्याच्या घरीं यंत्र नाहीं अशा माणसालाहि बोलण्याची सोय झाली. या सर्व काळांत दोन टोकांच्या मध्यें तारा जोडून देणारा एक माणूस, बहुधा एक तरुणी, बसलेली असे. १९२३ च्या महाभूकंपांत टोकियोचीं जुनीं केंद्रें जळून गेल्यावर १९२६ पासून स्वयंचलित केंद्रें येऊं लागलीं, आणि १९७९ पर्यंत सर्व देशभर कोणाच्या मध्यस्थीवांचून थेट नंबर लावतां येऊं लागला. सोय झाली खरी. पण ‘थांबा, जोडून देतें’ असें म्हणणारा मधला आवाजहि गेला, आणि बोलणारा अगदीं एकटा पडला.

आतां खरा प्रश्न. यंत्र तर आलें. पण त्यांत तोंड घालून पहिला शब्द कोणता बोलावयाचा? हा प्रश्न आपणांस आज सुचणारहि नाहीं. १८९० सालीं मात्र तो प्रत्येक वर्गणीदारापुढें होता. जपानी भाषेंत समोरचा मनुष्य वडील कीं धाकटा, श्रेष्ठ कीं कनिष्ठ, घरचा कीं बाहेरचा, हें ठरल्याशिवाय साधें क्रियापदहि नीट निवडतां येत नाहीं. टेलिफोनवर तर पलीकडे कोण आहे हेंच दिसत नाहीं! पहिले वर्गणीदार बहुतेक सरकारी अधिकारी आणि बडे व्यापारी. त्यांनीं सरळ ‘ओई, ओई’ म्हणावयास प्रारंभ केला. ‘ओई’ म्हणजे आपला ‘अरे ए’. हुकूम सोडण्याची ज्यांना संवय, त्यांना तेंच सुचलें यांत नवल तें काय? पण जोडणाऱ्या मुलींनीं काय म्हणावें? त्यांच्याकडून ‘मोऽशिमास, मोऽशिमास’ असें नम्र वचन येऊं लागलें, आणि त्याचेंच झिजून ‘मोशी मोशी’ झालें. या शब्दाचें श्रेय कातोगी शिगेनोरी नांवाच्या तत्कालीन टेलिफोन-अधिकाऱ्याला दिलें जातें. ‘ओई ओई’ मागें पडलें आणि ‘मोशी मोशी’ राहिलें. हुकमाची हांक गेली, विनवणीची राहिली.

या शब्दाच्या अर्थाकडे थोडें लक्ष द्यावें. ‘मोऽस’ म्हणजे बोलणें. पण तें लहानानें मोठ्यापुढें बोलणें. आपल्या जुन्या पत्रांत ‘विनंति विशेष’ किंवा ‘विज्ञापना ऐसीजे’ हे शब्द येतात, त्यांच्याच जातीचा हा शब्द. पेशवाईंतील कारकून धन्याला पत्र लिही तेव्हां पहिल्या चार ओळी त्याला स्वतःच्या बुद्धीनें रचाव्या लागत नसत. ‘राजश्रिया विराजित’ येथून ‘साष्टांग नमस्कार’ येथपर्यंत मायना ठरलेला असे. नवशिका कारकून थरथरत्या हातानें कां होईना, पण मायना लिहून काढी, आणि तो लिहितां लिहितां त्याचा हात स्थिर होई. मुख्य मजकूर येईपर्यंत भीति ओसरलेली असे. मायना हा वरवर पाहतां धन्याचा मान. पण वस्तुतः तो कारकुनाचा आधार होय. जपानी टेलिफोनची भाषा मला जितकी कळली, तितकी ती या मायन्याचीच बहीण दिसली. हें उमगलें तेव्हां त्या मुलीच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मला मिळालें.

तो मायना आतां पाहूं. नोकरीसाठीं उपाहारगृहाला टेलिफोन करावयाचा तो भोजनाच्या गर्दीच्या वेळीं नव्हे. दुपारीं दोन ते पांचच्या दरम्यान, भांडीं धुऊन होऊन संध्याकाळची तयारी अजून पेटलेली नसते तेव्हां. पलीकडून दुकानाचें नांव ऐकूं येतें. मग आपलें नांव, आपण विद्यार्थी आहों हें, आणि लगेच पुढील वाक्य : ‘ओइसोगाशी तोकोरो ओसोरेइरिमास.’ याचा भावार्थ, ‘आपण कामांत असतां तसदी देतों, क्षमा असावी.’ यांतील ‘ओसोरे’ या शब्दाचा मूळ अर्थच भय. म्हणजे आपण भ्यालों आहों हें त्या भाषेनें शिष्टाचार म्हणून आधींच कबूल करून टाकलें आहे! ज्याला खरोखर भय वाटतें त्यानें तें लपविण्याचें कारण उरत नाहीं. त्यानंतर नोकरीची जाहिरात पाहून बोलत आहें हें सांगावयाचें, आणि ‘तांतो नो काता’, म्हणजे त्या कामाचे जे जबाबदार गृहस्थ असतील ते, आहेत काय असें विचारावयाचें. ते आले कीं पुन्हां नांव, पुन्हां तीच क्षमायाचना. मग परदेशी विद्यार्थी चालेल काय, आठवड्यांतून किती दिवस आणि कोणत्या वेळीं काम, मुलाखत केव्हां, सोबत काय आणावयाचें; आणि शेवटीं ‘शित्सुरेई इताशिमास’, शब्दशः ‘मी आगळीक करतों’. एवढें म्हणून थोडें थांबावयाचें, आणि पलीकडच्यानें टेलिफोन ठेवला म्हणजे आपण ठेवावयाचा.

मौज अशी कीं, ज्या ‘मोशी मोशी’नें एके काळीं नम्रतेचा पाठ घातला, तोच शब्द आतां व्यवहारांत घरगुती मानला जातो. कचेरींत किंवा दुकानांत टेलिफोन घेणाऱ्यानें ‘मोशी मोशी’ म्हणूं नये, दुकानाचें नांव सांगावें, असें नव्या नोकरांना शिकवितात. शब्दांचाहि पोशाखासारखा काळ जातो. आपलें ‘राजमान्य राजश्री’ झिजून ‘रा. रा.’ झालें आणि तेंहि गेलें, तसेंच हें.

मराठी माणसाला चकविणारी आणखी एक गोष्ट सांगतों. आपण मालकाविषयीं बोलतांना ‘साहेब जाग्यावर नाहींत’ असें आदरानें म्हणतों. जपानी दुकानांतला पोऱ्या मात्र बाहेरच्या माणसाशीं बोलतांना मालकाचें नुसतें आडनांव घेतो, मागें ‘सान’ लावीत नाहीं आणि क्रियापदहि लीनतेचें वापरतो; कारण बाहेरच्यापुढें मालक आणि पोऱ्या मिळून एकच घर, आणि आपल्या घराचा मोठेपणा आपण सांगावयाचा नसतो. ‘तानाका आतां जाग्यावर नाहीं’ हें ऐकून आपल्या मुलीला वाटलें कीं, तानाका हा कोणी भांडीं घासणारा असावा, आणि तिनेंहि त्याचा उल्लेख तसाच केला. तानाका हे मालक निघाले! नोकराच्या तोंडीं जें शोभतें तें बाहेरच्याच्या तोंडीं शोभत नाहीं; तिनें ‘तानाका-सान’च म्हणावयास हवें होतें. व्याकरण सारें पुस्तकांत असतें. पण कोण आंत आणि कोण बाहेर हें तारेवर क्षणांत ओळखावें लागतें.

याहून मोठा धोका एका लहान शब्दांत आहे. तो शब्द ‘हाइ’. कोशांत त्याचा अर्थ ‘होय’. पण बोलण्याच्या ओघांत जपानी मनुष्य जो वरचेवर ‘हाइ, हाइ’ म्हणतो तो होकार नव्हे, हुंकार होय. आजी गोष्ट सांगते तेव्हां नातवंडांनीं ‘हुं’ म्हणावें लागतें, नाहींतर गोष्ट थांबते; तसाच हा प्रकार. जपानी भाषेंत त्याला ‘आइझुची’ म्हणतात. मूळ अर्थ, लोहाराच्या ऐरणीवर दोघांनीं आळीपाळीनें घातलेले घाव. एकाचा घाव चुकला कीं दुसऱ्याचा ताल जातो. चेहरा दिसत नसल्यामुळें टेलिफोनवर हे घाव अधिकच लागतात; न दिले तर पलीकडचा विचारतो, ‘ऐकतां आहां ना?’ म्हणून परदेशी विद्यार्थी भीतीनें ‘हाइ, हाइ’ म्हणत सुटतो, आणि शेवटीं कशाला हुंकार दिला आणि कशाला होकार, हें त्याचें त्यालाच कळत नाहीं.

न कळतां दिलेला होकार किती महाग पडतो याचा दाखला जपानच्या इतिहासांतच आहे. ताकाहाशी कोरेकियो हा १८५४ सालीं जन्मलेला मुलगा १८६७ सालीं, वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षीं, शिक्षणासाठीं अमेरिकेस गेला. सॅन फ्रॅन्सिस्कोस तो ज्यांच्या घरीं राहिला, तेथें त्याच्या शिक्षणाऐवजीं त्याच्याकडून घरकामच करून घेतलें गेलें. पुढें ओकलंडच्या एका कुटुंबांत जाण्याविषयीं एक कागद त्याच्यापुढें आला. त्यानें सही केली. इंग्रजी नीट वाचतां न येणाऱ्या त्या मुलाला मागाहून समजलें कीं, आपण ठराविक मुदतीची चाकरी लिहून दिली आहे. म्हणजे एक प्रकारें आपण विकलेच गेलों आहों. खटपट करून तो त्यांतून सुटला आणि १८६८ सालीं मायदेशीं परतला. हाच ताकाहाशी पुढें रशियाशीं झालेल्या युद्धाच्या वेळीं लंडनच्या बाजारांत जपानसाठीं कर्ज उभारणारा मुत्सद्दी झाला, अनेक वेळां अर्थमंत्री झाला, १९२१ सालीं पंतप्रधान झाला, आणि २६ फेब्रुवारी १९३६ च्या लष्करी बंडांत मारला गेला. जपानच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या हातीं आल्या, त्याच्या आयुष्याच्या आरंभीं असा एक न समजलेला कागद होता. ही कथा मीं त्या मुलीला सांगितली आणि म्हटलें, “बाळ, न कळलेल्याला हो म्हणूं नकोस. पुन्हां विचारण्यांत लाज नाहीं.”

शिकतां शिकतां पोट भरणें हेंहि जपानला नवीन नाहीं. मेइजी काळांत खेड्यांतून टोकियोस येऊन वर्तमानपत्रें वाटणाऱ्या, दुधाच्या बाटल्या पोंचविणाऱ्या, प्रसंगीं रिक्षाहि ओढणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांना ‘कुगाकुसेई’, म्हणजे कष्टानें शिकणारे, असें नांव होतें. आपल्याकडील माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या पिढ्यांचे हे भाऊबंदच. कित्येक जपानी तरुण अमेरिकेंत जाऊन परक्यांच्या स्वयंपाकघरांत राबत शिकले. कातायामा सेन हा त्यांतलाच. १८८४ सालीं तो अमेरिकेस गेला, मिळेल तें काम करीत पदवीधर झाला, आणि १९०१ सालीं अमेरिकेस जाऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं त्यानें मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केलें. अशा अर्धवेळ कामाला आज जपानी भाषेंत ‘आरुबाइतो’ म्हणतात. शब्द मूळचा जर्मन. काम हा त्याचा अर्थ. जर्मन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बोलींतून तो जपानींत शिरला आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हलाखींत घरोघर पोंचला. म्हणजे आपली मुलगी ज्या नोकरीसाठीं टेलिफोन करीत होती, तिचें नांवहि कोणा परकी भाषा शिकणाऱ्यानेंच आणलेलें!

परदेशी विद्यार्थी जपानांत येऊं लागले त्यालाहि सव्वाशें वर्षें होऊन गेलीं. १८९६ सालीं चीनहून १३ विद्यार्थी आले, आणि त्यांची व्यवस्था ज्युदोचे प्रवर्तक कानो जिगोरो यांच्याकडे सोंपविण्यांत आली. पुढें ‘लू शुन’ या नांवानें चिनी वाङ्मयांत अमर झालेला लेखक १९०२ सालीं कानोंच्याच शाळेंत जपानी शिकला. त्यांना सरकारी वेतन असे. टेलिफोनवर नोकरी मागण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाहीं. तो आला आपल्या काळांत. १९८३ सालीं जपान सरकारनें एक लाख परदेशी विद्यार्थी आणण्याचा संकल्प केला, तो २००३ सालीं सिद्धीस गेला. २००८ सालीं तीन लाखांचा केला, तो २०१९ सालीं पुरा झाला. यांतील फार मोठा वर्ग स्वतःच्या खर्चानें शिकणारा. परवानगी घेऊन आठवड्यास २८ तासांपर्यंत काम करण्याची त्यांस मुभा आहे. त्या २८ तासांवरच घरभाडें आणि जेवण अवलंबून. आणि त्या तासांचें दार पुष्कळदां टेलिफोननेंच उघडतें. अलीकडे पडद्यावर नांव-गांव भरून अर्ज करण्याची सोय झाली आहे खरी; परंतु लहान दुकानांच्या दारावरच्या चिठ्ठीवर अजून नंबरच असतो.

आमच्या मुलीनें आठ दिवस मायना पाठ केला. कागदावर लिहून भिंतीला चिकटविला. दुसऱ्या एका दुकानाला टेलिफोन केला, आणि बोलतांना आपण भिंतीपुढें वांकून नमस्कार करीत आहों हें लक्षांत येऊन तिचें तिलाच हसूं आलें. जपानी माणसेंहि टेलिफोनवर अशीच वांकतात, हें तिला मागाहून कळलें. सर्व कांहीं उत्तम पार पडलें. मुलाखतीची तारीख मिळाली. ठरल्या दिवशीं, आठ तारखेस, ती स्वच्छ कपडे करून दुकानीं गेली. मालकीणबाईंनीं सौम्यपणें सांगितलें कीं, आम्हीं आपली वाट चार तारखेस पाहिली. आतां जागा भरली आहे.

जपानींत चार तारीख म्हणजे ‘योक्का’ आणि आठ तारीख म्हणजे ‘योऽका’. एका ठिकाणीं ‘क’चें द्वित्व, दुसऱ्या ठिकाणीं ओकार लांब. आपल्या मराठींत ओकार एकाच मापाचा. तो लांबविला कीं आखडला, याकडे लक्ष देण्याची आपल्या कानाला संवयच नाहीं. वर तारेवरची खरखर! आंकड्यांतहि असेच फसवे आहेत : ‘इची’ म्हणजे एक आणि ‘शिची’ म्हणजे सात, म्हणून टेलिफोनवर जपानी माणूसहि सातास ‘नाना’ म्हणतो आणि चारास ‘शी’ न म्हणतां ‘योन’ म्हणतो. म्हणजे चूक त्यांचीहि होते; म्हणूनच त्यांनीं वाट काढून ठेवली आहे. तारखेची वाटहि तशीच आहे : तारीख ऐकली कीं वारासकट परत बोलून दाखवावी. ‘योक्का, गुरुवार, बरोबर ना?’ तेवढ्यानें काम होतें. हा धडा तिला एका नोकरीच्या किमतीनें मिळाला. त्या रात्रीं ती फोनवर फार रडली. महिनाअखेर जवळ आलेली होती.

हा धडा तिला आधीं कां मिळाला नाहीं? जी परीक्षा ती पास झाली होती ती १९८४ पासून चालू आहे. २०१० पासून तिच्या पांच पायऱ्या आहेत. तींत शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण यांची कसोटी असते. बोलण्याची परीक्षा मात्र नसते. मी त्या परीक्षेला दोष देत नाहीं. कारण दोष द्यावयाचा तर तो प्रथम मला स्वतःला द्यावा लागेल.

१९७५ च्या पावसाळ्यांत, मॅट्रिक झाल्यावर, मीं एका कचेरींत कारकुनाच्या जागेसाठीं अर्ज केला होता. अमुक दिवशीं टेलिफोन करावा असें पत्र आलें. आमच्या आळींत टेलिफोन एका दुकानदाराकडे होता. मीं उसनें अवसान आणून नंबर फिरविला. पलीकडून इंग्रजींत विचारणा झाली. इंग्रजींत मला चांगले गुण होते. तरीहि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मीं टेलिफोन ठेवला आणि ‘कोणी उचलला नाहीं’ असें वडिलांना खोटें सांगितलें. पुढें मी शिक्षक झालों त्याचा मला खेद नाहीं. खेद याचा आहे कीं, ही भीति म्हणजे आपल्या स्वभावाचा दुबळेपणा अशीच समजूत मीं जन्मभर बाळगली. तीस वर्षांहून अधिक काळ मीं मुलांना पत्राचे मायने शिकविले; वडिलांस काय लिहावें, मुख्याध्यापकांस काय लिहावें, हें घोटून घेतलें. पण टेलिफोन उचलून परक्या माणसाशीं पहिलें वाक्य कसें बोलावें, तें मीं एकाहि मुलाला शिकविलें नाहीं. जें कोणी शिकवीत नाहीं तें आपोआप यावें अशी आपण अपेक्षा करतों, आणि आलें नाहीं कीं मुलाला भित्रा म्हणतों.

जपानच्या इतिहासानें मला उत्तर दिलें तें हें. टेलिफोनवरचें जपानी जपानी माणसालाहि आईच्या दुधाबरोबर मिळालेलें नाहीं. तें त्याला १८९० नंतर शिकावें लागलें. पहिला शब्दसुद्धां बनवावा लागला. आजहि तेथील दुकानांत नव्या नोकराला तीं वाक्यें पढवावीं लागतात, आणि तेथील तरुणांनाहि अनोळखी टेलिफोनची धास्ती वाटतेच. मग आमच्या मुलीची भाषा कुठें गेली होती? ती कुठेंहि गेली नव्हती. तिला उभें राहावयास पायरी नव्हती. शिष्टाचाराचीं तीं ठराविक वाक्यें परक्याला अडविणारी भिंत नसून, अंधाऱ्या जिन्यावर सर्वांसाठींच लावलेला कठडा आहेत.

चौथ्या टेलिफोनला तिला काम मिळालें. डबे भरून विकणाऱ्या एका लहान दुकानांत आतां ती संध्याकाळीं काम करते, आणि कधीं कधीं दुकानाचा टेलिफोनहि घेते. गेल्या महिन्यांत तिनें मला सांगितलें, “गुरुजीआजोबा, आज कामासाठीं एका परदेशी मुलाचा फोन आला होता. कुठला होता कोण जाणे. माझ्या ‘हाइ’ नंतर नुसताच श्वास ऐकूं येत होता. मीं फोन ठेवला नाहीं. म्हटलं, सावकाश बोला, मी ऐकतें आहें.”